खुंटीवरची निळी टोपी

“पाणी,” ती म्हातारी तिच्या भाषेत म्हणायची. एवढंच.

वाळल्या कणसावरून वारा जावा तसा तिचा आवाज. ज्योतीराम साबळेनं तो काँगोत ऐकला होता. पण परत येऊन दापोडीच्या चाळीत राहायला लागला तरी सकाळी नळ सुटला, तोटीतून आधी नुसती हवा फुसफुसली, की त्याला तोच आवाज ऐकू यायचा. मग तो चहाची कपबशी तशीच खाली ठेवी आणि बाहेर जाऊन थुंकून येई.

ज्योतीराम माण तालुक्यातला. पलटणीत तो मिलिटरी पोलीस होता, म्हणजे शिपायांवरचा शिपाई. एकसष्ट साली त्यांची तुकडी शांतता राखायला म्हणून बोटीनं आफ्रिकेला गेली. डोक्यावरची लाल टोपी ट्रंकेत गेली आणि तिच्या जागी जगाच्या पोलिसांची निळी टोपी आली. बोटीवर सगळ्यांना ओकाऱ्या, पण टोपी कुणी खाली पडू दिली नाही. आपण भांडणाऱ्यांच्या मध्ये उभे राहणार, कुणाचेच नसणार, याचा त्या पोरांना अभिमान वाटत होता. इकडं गावी अंबूबाई जात्याशी बसली की म्हणायची :

कंथ गेला दूरदेशी, निळ्या टोपीचा शिपाई,
त्याच्या वाटंच्या वाळूला माझं पाऊल ठावं न्हाई.

तिकडचं आभाळ इकडच्यासारखंच होतं. माती तांबडी, आणि माळावर माणसाहून उंच वारुळं. पहिलं वारूळ बघितल्यावर ज्योतीरामनं सवयीनं हात जोडले, आणि जीपमधले सगळे हसले. सकाळी बुटाला पॉलिश, मग चौकात उभं राहून वाहनांना हात दाखवायचा, बाजारात फेरी मारायची, आपलाच कुणी शिपाई पिऊन पडला असेल तर त्याला उचलून आणायचं, आणि डब्यातलं मटण खाऊन झोपायचं. या कामाचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. वाईट सुरू झालं ते छावणीच्या नळावर ड्यूटी लागल्यापासून.

शहराबाहेर घरंदारं सोडून पळालेल्या लोकांची छावणी पडली होती. पोती, पत्रे, मोटारीची दारं, जे मिळेल त्याची झोपडी. पाऊस पडला की संडासाचे चर भरून वाहायचे आणि त्याच वाटेनं पोरं यायची. वास असा, की खाकी शर्ट धुऊन उन्हात घातला तरी घडीतून निघायचा. आणि एवढ्या माणसांना पाण्याची जागा एकच. तिथं रोज डोकी फुटायला लागली, तेव्हा छावणीतल्याच दोन जमातींच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं : रांगा दोन करा. आमची वेगळी, त्यांची वेगळी. मध्ये निळ्या टोपीवाला उभा करा. तो कुणाचा नाही, तो नीट वेगळं करील.

मग ज्योतीराम तिथं उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, “कबिला गानी?” तुझी जमात कुठली? त्यांच्या भाषेतले त्याला येणारे शब्द फार नव्हते, पण हा लगेच तोंडात बसला. कबिला तर आपलाच शब्द. उत्तर आलं की काठीनं दाखवायचं : तू इकडं, तू तिकडं. डोकी फुटायची थांबली. साहेब खूश झाला.

ती म्हातारी तेवढी उत्तर द्यायची नाही.

“कबिला गानी?”

“पाणी.”

“ते कळलं, आज्जी. कबिला? कबिला?”

“पाणी.” आणि हातातला डबा पुढं.

या रांगेत लावली तर हे लोक ढकलायचे, त्या रांगेत लावली तर ते. एकदा ज्योतीरामनंच काठी आडवी लावून तिला बाजूला सारलं. उद्या नीट सांग, म्हणाला. उद्या ती आलीच नाही. परवा त्याला ती चरापाशी ओणवी दिसली. डब्यानं ते पाणी भरत होती. भरून, डोळे मिटून, प्याली. ज्योतीराम धावत गेला तोवर डबा रिकामा झाला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि बघताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. किळस होती. त्या पाण्याची नव्हे.

ज्योतीराम तिथंच ओकला.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात तुकडी परत आली. त्याच्या नोकरीची मुदत संपली आणि पिंपरीला एका नव्या कारखान्याच्या फाटकावर जमादाराची जागा मिळाली. खोली बघायला तो दापोडीला उतरला. ऊन होतं म्हणून डोक्यावर टोपी होती. तीच, निळी.

रुळाच्या अलीकडं मारुतरावांची चाळ होती. जुन्या गावातला माणूस, शेत गेलं तसं भाड्यावर आलेला. ओट्यावर पान जमवत बसला होता.

“या या. मिल्ट्रीवालं दिसताय. नाव काय म्हनला?”

“ज्योतीराम साबळे.”

“साबळे.” मारुतरावांनी चुन्याचं बोट पानावर फिरवलं. “कोनचे साबळे?”

“माणचे.”

“व्हय, पर त्यातले कोनचे?” असं म्हणून त्यांनी वर बघितलं आणि त्यांची नजर टोपीवर अडकली. साबळे काय, मराठ्यात आहेत आणि त्यांच्यातही आहेत. आडनावानं उलगडा होत नव्हता, तो टोपीनं झाला. बाबासाहेबांचा निळा झेंडा रुळापलीकडच्या वस्तीत नुकताच लागला होता. मारुतरावांनी बसल्या जागी धोतराचा सोगा आवरून घेतला.

ज्योतीरामच्या ते ध्यानात आलं. एक शब्द पुरला असता. ‘मराठा’ म्हटलं असतं की मारुतरावांनी बसायला घोंगडी टाकली असती, चहा आला असता. शब्द ओठापर्यंत आला आणि त्याला चराचा वास आला. इथं, दापोडीत, भर उन्हात.

“खोली द्यायची का नाही तेवढं सांगा,” तो म्हणाला.

मारुतराव भाड्याला नाही म्हणणारे नव्हते. पुढच्या खोल्या “बोलल्याल्या” निघाल्या. टोकाची एक मोकळी होती, टोपलीच्या संडासांना लागून. भाडं तेवढंच.

अंबूबाई गावाहून आली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. खोलीत पाऊल टाकताच तिनं पदर नाकाला लावला. “अवो, एवढ्या जगात हीच बरी गावली?” ज्योतीरामनं तिचं गाठोडं आत घेतलं. टोपी त्यानं दाराच्या आतल्या खुंटीला लावली होती.

सकाळी ती घागर घेऊन नळावर गेली. बायका पाणी भरत होत्या, हसत होत्या. तिनं घागर ओळीत ठेवली तशी मारुतरावांची बायको शालनबाई ओरडली, “ए बाई, मागं! घागरीला घागर लागंल!” सगळ्यांचं झाल्यावर शालनबाईनं आपल्या कळशीनं, वरनं, हातभर अंतर ठेवून अंबूबाईच्या घागरीत धार धरली. तोटीला हात लावू दिला नाही. आणि ती वळल्यावर शालनबाईनं चिमूटभर राख घेऊन तोटीखालचा दगड घासला. खरवड्, खरवड्. ती धार अंबूबाईच्या ओळखीची होती. गावी वेशीबाहेरच्या बायांना पाणी घालताना तिच्या सासूचा, तिचा स्वतःचा हात असाच वर जायचा. पण धारेच्या खालच्या बाजूला ती कधी उभी राहिली नव्हती.

ती रडतच घरात शिरली. “त्यांनी मला महाराची समजली! मला! आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्या म्हाताऱ्याला!”

“सांगायचं नाही,” ज्योतीराम म्हणाला.

“का म्हून?”

मग त्यानं तिला म्हातारीची गोष्ट सांगितली. लग्न झाल्यापासून एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, “मी पगार घेऊन तो प्रश्न विचारलाय, अंबू. आता मला कुणी विचारला तर मी उत्तर देणार नाही. तूही देऊ नको.”

“तुमचं बरंय. तुमी फाटकावर जाताय. नळावर मी जातीया.”

“तेवढं माझ्यासाठी कर.”

तिनं केलं. पण भिंतीपलीकडून वास यायचा, भाकरीला यायचा, उशीला यायचा. दिवाळीत पुढच्या खोल्यांतून फराळाची ताटं इकडून तिकडं गेली, तिच्या दारासमोरून वळून गेली. दगडावर राख घासल्याचा आवाज आला की तिच्या पोटातलं पोर हलायचं. जातं इथं नव्हतं, तरी पीठ मळताना ओवी यायची :

नळाखाली माझी घागर समद्यांच्या ग मागं,
पाणी येतं गारगार, पोटी आग आग लागं.

अंबूबाई राहायला आल्यावर आठवडाभरातच रुळापलीकडून एक बाई आली होती. उंच, कपाळ मोकळं, काखेत माठाची भाजी. “जयभीम वैनी. मी गोजाबाई. आमचे मालक वर्कशॉपात हायती. म्हनले, आपल्यातलं एक कुटुंब त्या मारुत्याच्या चाळीत आलंय, निळी टोपी घालून फिरतोय गडी बिनघोर. म्हनलं बघून तरी येऊ.”

‘जयभीम’ अंबूबाईच्या तोंडातून निघेना आणि ‘आम्ही नाही’ हेही निघेना. नवऱ्याला शब्द दिलेला. “बसा,” म्हणाली.

“पानी दे आधी. ऊन लई हाय.”

अंबूबाईनं तांब्या आणला. गोजाबाईनं ओंजळ पुढं केली, पोटभर पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं. “लई वास मारतोय की गं हितं. मारुत्यानं बरुबर जागा दाखवली.” आणि हसली. “ऱ्हाऊ दे. माझ्या घरी येत जा श्वास घ्यायला.”

अंबूबाई जायला लागली. आधी भीत, मग सवयीनं. गोजाबाई तिला डोहाळ्याचं काही ना काही द्यायची, आणि त्या घरचं खाताना पहिल्यांदा अंबूबाईचा घास हातात थांबला होता. भुकेनं तो पुढं गेला. पुढं पुढं थांबेनासाही झाला. पण परत येताना तिला वाटे, आपण चोरून जेवतोय. ही आपल्याला आपली समजून वाढतीया.

“तिला तरी सांगू का?” तिनं ज्योतीरामला विचारलं.

“एकीला सांगितलं की सगळ्यांना सांगितलं.”

“तुमी त्या म्हातारीचं प्रायश्चित्त घेताय,” अंबूबाई म्हणाली, “आन् पोटुशी मी हाय.”

माघात भर दुपारी तिच्या पोटात कळ आली. ज्योतीराम कामावर. पुरुष सगळे शिफ्टला. चाळीत बायकाच बायका. अंबूबाई उंबऱ्यापर्यंत सरपटत आली आणि हाका मारू लागली. “शालनबाई! अवो कुनीतरी!” एकेक दार आतून लागलं. कुणी मुद्दाम आपटलं नाही, हळूच, कड्यांचा आवाज होऊ नये अशा बेतानं लावलं. ते हळूपण तिच्या कायमचं ध्यानात राहिलं.

आली ती गोजाबाई. कुठून ऐकलं कोण जाणे. आल्या आल्या चुलीवर पाणी ठेवलं, ज्योतीरामचं दाढीचं नवं पातं उकळून घेतलं, अंबूबाईच्या पाठीला पाय लावून बसली. “वरड, वरड. ऐकू दे रांडांना.” ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. अंबूबाईनं गोजाबाईचा हात असा धरून ठेवला होता की मनगटावर बांगड्यांचे वळ उठले.

ज्योतीराम आला तेव्हा गोजाबाई रक्ताची धडुती गुंडाळत होती. त्यानं तिला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, “मला नगं वाकू, भावा. हिला बघ.”

बाळ वाढायला लागलं, पण सारखं खोकायचं. डॉक्टर म्हणाला, हवा बदला. ज्योतीरामनं दुसऱ्या खोल्या बघितल्या. पण चाळमालक एकमेकांचे सोयरे. ‘मारुतरावांच्या टोकाच्या खोलीतले साबळे’ म्हटलं की जागा भरलेली असायची. अंबूबाई बाळाला थोपटत खुंटीवरच्या टोपीकडं बघायची. एका शब्दाचं अंतर होतं. पुढची खोली, मोकळी हवा, खोकला थांबलेला. आणि तो शब्द नवऱ्याच्या तोंडाला कुलूप लावून बसलेला.

ते कुलूप फोडलं ज्योतीरामच्या थोरल्या भावानं. बबनराव पुतणीला बघायला न कळवता आले. डोक्याला फेटा, हातात बाळंतविडा. चाळीच्या तोंडाशीच त्यांची मारुतरावांशी गाठ पडली. गाव, शीव, सोयरीक, कुळी, देवक : बबनरावांना कुणी विचारायची खोटी, ते सगळं सांगत सुटले. त्यांची एक आत्या भोसरीत मारुतरावांच्याच भावकीत दिलेली निघाली.

मारुतराव पायात वहाण न घालता टोकाच्या खोलीपर्यंत पळत आले. “अवो जमादार! अवो पाव्हणं! आपलंच मानूस की तुमी! आदी न्हाई व्हय सांगायचं? आमी त्या टोपीपायी... काय म्हनावं आता! पुढची खोली आजच खाली करून देतो. पोरीला हवा लागंल.”

“मारुतराव,” ज्योतीराम म्हणाला, “काल ही पोर तुमच्या दारात खोकत होती. आज ती बदलली का?”

“ऱ्हाऊ द्या वो. चूक कुनाची हुत न्हाई?”

“कसली चूक म्हणताय? ओळखण्यात झालेली चूक?”

मारुतरावांना प्रश्न कळला नाही. ते हसत राहिले. बबनरावही काही न कळून हसले. ज्योतीराम उठून बाहेर गेला आणि बराच वेळ थुंकत राहिला.

दुसऱ्या दिवशी नळावर शालनबाईनं अंबूबाईची घागर स्वतः उचलून तोटीखाली लावली. सगळ्यांच्या आधी. घागरीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, “मुलखाची अबोल गं बाई तू! उगी पाप लावलंस की आमाला. शुक्करवारी हळदीकुंकू हाय, बाळीला घिऊन ये. आन् ऐक, त्या रुळापलीकडच्या बाईला आता येऊ नको म्हन. बरं दिसत न्हाई.”

भरलेली घागर अंबूबाईनं तिथंच आडवी केली. पाणी शालनबाईच्या पायावरून वाहत गेलं. मग खाली बसून तिनं त्याच राखेनं घागरीचं तोंड, जिथं शालनबाईचा हात फिरला होता तिथं, घासून काढलं. खरवड्, खरवड्. आणि रिकामीच घागर घेऊन घरी आली.

“खोलीचं तू ठरव,” ज्योतीराम म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. “मी ठरवलं त्याचं बघितलं काय झालं ते. पोरीला हवा पाहिजे, ते खरंय.”

“ठरवीन. आधी एक काम हाय.” तिनं बाळाला पदराखाली घेतलं आणि रूळ ओलांडले. गोजाबाईला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आत तिला गाठायचं होतं.

गोजाबाई अंगणात चुलीपुढं भाकरी थापत होती. अंबूबाई उभ्या उभ्याच बोलली, नाहीतर बोलवलं नसतं. “गोजाबाई, आमी तुमच्यातलं न्हाई. मराठा हाय. मालकांनी सांगू नको म्हनलं हुतं. टोपी पलटणीची हाय, लांबच्या देशातली. तुझ्या घरचं खाल्लं, तुझ्या हातनं बाळंत झाले, आन् तुला फसवलं.”

गोजाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. “एवढं सांगाय पोरीला उनातनं आनलीस व्हय?”

“तुला राग न्हाई आला?”

“ठावं हुतं मला.”

“कवापास्नं?”

“पयल्या दिशी. पानी मागितलं तवा. मी तांब्याला हात घालाय गेले, आन् तू तांब्या वर धरलास. हातभर वर. मी मुकाट ओंजळ केली.” गोजाबाई हसली नाही. “आमच्यातली बाई तांब्या हातात देती, अंबूबाई.”

अंबूबाईला आठवत नव्हतं. आणि मग आठवलं.

“तुझा नवरा शाना हाय,” गोजाबाई म्हणाली. “निळी टोपी घालतो, मनाला यील तवा काढतो, खुंटीला लावतो. आमी कुटं लावावी?”

“मग आलीस कशाला? तवा? मी अडले तवा?”

भाकरी फुगली. गोजाबाईनं ती बोटांनी उचलून निखाऱ्याला लावली, उलटली, टोपल्यात टाकली.

“वरडत हुतीस, म्हनून आले. चाळीत शिरले तर समदी दारं बंद, आन् आत बांगड्या वाजत हुत्या. शिसारी आली मला त्या दारांची.” तिनं हात पदराला पुसले आणि पहिल्यांदा मान वर करून अंबूबाईकडं सरळ बघितलं. “आन् खरं सांगू? नाळ कापताना तुझीबी शिसारी आली हुती. पर तू हात धरून ठिवलावतास, सोडंनास. म्हनून तवा बोलले न्हाई.”